मोहिमेसाठी आपबीती घेताय? या चुका टाळा

जनजागृतीत आकडे डोक्यावरून जातात, एका माणसाची आपबीती मात्र मनाला भिडते. स्मॉल, लोवेनस्टीन आणि स्लोविक या संशोधकांनी 2007 मध्ये हे प्रयोगातून दाखवलं. सात वर्षांच्या एका मुलीची हकिगत वाचणाऱ्यांनी जेवढी देणगी दिली, तेवढी संकटग्रस्तांचे आकडे वाचणाऱ्यांनी दिली नाही. हकिगतीला आकडे जोडले, तर देणगी पुन्हा घटली. म्हणूनच विषय कर्करोगाचा असो, व्यसनाचा असो की घरातल्या हिंसाचाराचा, मोहीम आखायला बसलं की कुणीतरी म्हणतंच, "एखादी सर्व्हायव्हर, म्हणजे त्यातून तरून गेलेली व्यक्ती, बघा." अशी व्यक्ती मिळतेही. खऱ्या चुका त्यानंतर सुरू होतात.

सही झाली म्हणजे संमती मिळाली, असं मानणं

माझ्या मते सगळ्यांत मोठी चूक हीच. संमतीपत्र बहुतेकदा शूटिंगच्या दिवशीच पुढे येतं. कॅमेरा लागलेला असतो, सगळे खोळंबलेले असतात. विचारणारीही त्याच संस्थेची ताई, जिच्यामुळे उपचार झाले किंवा डोक्यावर छप्पर मिळालं. अशा वेळी 'नाही' म्हणायचं कोणत्या तोंडाने? कागदावर "प्रसिद्धीसाठी वापरण्यास हरकत नाही" एवढंच लिहिलेलं. सही करणाऱ्या बाईच्या मनात असतं दवाखान्यात लागणारं एखादं पोस्टर. काही वर्षांनी तोच व्हिडिओ तिच्या मुलाच्या वर्गातल्या कुणाच्या तरी मोबाइलवर निघतो.

यावर उपाय आहे, पण त्याला वेळ द्यावा लागतो. मदत देणाऱ्यांनीच संमती विचारू नये, त्या मदतीशी संबंध नसलेल्या कुणाला तरी पाठवावं. आणि सगळं एका दमात विचारू नये. नाव चालेल का? चेहरा? आवाज? इंटरनेटवर टाकलं तर चालेल का, किती काळासाठी? संकलन झालेला व्हिडिओ आधी त्यांना दाखवा आणि तेव्हा पुन्हा एकदा विचारा. "तेवढं नवऱ्याबद्दलचं वाक्य काढा" असं माणसं याच वेळी सांगतात. ते वाक्य वाद न घालता काढायचं, मग व्हिडिओ कितीही फिका पडो.

लैंगिक अत्याचारांच्या बाबतीत तर अनेक देशांत पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. नुसता चेहरा धूसर करून भागत नाही. आवाज, हातावरचं गोंदण, मागे दिसणारं घराचं दार, यावरूनही ओळखणारे ओळखतात.

रडू येईपर्यंत विचारत राहणं

"त्या क्षणी नेमकं काय वाटलं?" हा प्रश्न तिसऱ्यांदा येतो, समोरच्याचा आवाज कापरा होतो आणि कॅमेरा जवळ सरकतो. तासाभराच्या बोलण्यातली तेवढीच काही सेकंदं शेवटी उरतात. पहिल्यांदा कुणाला सांगितलं, घरच्यांना कसं पटवलं, हेल्पलाइनला फोन लावताना कशाची भीती वाटली, हे सगळं कापलं जातं. त्याच संकटात अडकलेल्या प्रेक्षकाला हवं असतं नेमकं तेच.

आत्महत्येच्या विषयात हा फरक जिवावर बेततो. ऑस्ट्रियातल्या वृत्तपत्रांचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. टोकाचे विचार मनात येऊनही माणूस त्यातून कसा सावरला, हे सांगणाऱ्या बातम्यांनंतर आत्महत्यांचं प्रमाण घटल्याचं त्यात दिसलं. पद्धतीचं वर्णन करू नका, असं जागतिक आरोग्य संघटनाही माध्यमांना सांगते. तेव्हा प्रश्न सावरण्याबद्दल विचारा. विश्वासातलं माणूस शेजारी बसू द्या. मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी फोन करून विचारपूस करा आणि व्हिडिओ प्रसिद्ध होईल त्या दिवशीही करा.

एकाचा अनुभव सगळ्यांना लावणं

हॉलिवूड अभिनेत्री अँजेलिना जोलीने मे 2013 मध्ये लिहिलं, की जनुकीय तपासणीत स्तनाच्या कर्करोगाचा मोठा धोका दिसल्यामुळे तिने शस्त्रक्रिया करून स्तन काढून घेतले. त्यानंतरच्या अवघ्या 15 कामकाजी दिवसांत अमेरिकेत ही तपासणी 64 टक्क्यांनी वाढली, स्तन काढण्याच्या शस्त्रक्रिया मात्र वाढल्या नाहीत. ज्यांना खरा धोका होता त्यांच्यापर्यंत संदेश पोचलाच नसावा, असा अर्थ अभ्यासकांनी लावला. म्हणून ही तपासणी कुणासाठी आहे आणि कुणाला तिची गरज नाही, हे त्याच व्हिडिओत सांगा आणि मजकूर डॉक्टरांकडून तपासून घ्या.

"वेळेत तपासणी केली म्हणून वाचले" हे वाक्यही जपून वापरा. काही गाठी आयुष्यभर त्रास न देणाऱ्या असतात. अशी गाठ तपासणीत सापडून काढली गेली, तरी त्या व्यक्तीला आपला जीव वाचला असंच वाटतं. तिच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही, पण तो पुरावा ठरत नाही. आणि "हिंमत हरली नाही म्हणून जिंकली" हे कृपया लिहूच नका. जे गेले त्यांच्यात हिंमत कमी होती का? त्यांच्या घरचेही तुमचं पोस्टर वाचतात.

व्हिडिओ गाजला, पण फोन आले नाहीत

बहुतेक वेळा पुढे काय करायचं हेच सांगितलेलं नसतं. अमेरिकेत 2012 मध्ये धूम्रपान सोडलेल्यांच्या अनुभवांची मोहीम सुरू झाली, तेव्हा मोफत मदतीचा फोन क्रमांक जाहिरातींतच दिला होता. 2018 पर्यंत त्या मोहिमेमुळे सुमारे 10 लाख लोकांची सिगारेट कायमची सुटली, असा तिथल्या सरकारी यंत्रणेचा अंदाज आहे. व्हिडिओ सोडण्याआधी दिलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करून बघा. कुणी उचलतंय का?

फक्त बोलण्यापुरतं बोलावणं

एड्सग्रस्तांनी 1983 मध्येच अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात मागणी केली होती की निर्णयाच्या प्रत्येक पातळीवर आम्हाला सामील करा. आजही अनेक मोहिमांत कॅमेरामनला मानधन मिळतं आणि आपबीती सांगणाऱ्याला शाल-श्रीफळ. त्यांच्या वेळेचे पैसे द्या आणि मोहिमेचा मजकूर ठरवतानाच त्यांना बोलवा.

मध्येच कुणी माघार घेतली तर

कारण विचारू नका. तुमच्या हातात असलेलं सगळं त्याच दिवशी काढून टाका. लोकांनी आधीच डाउनलोड करून घेतलेल्या प्रती परत आणता येत नाहीत, हे संमती घेतानाच स्पष्ट सांगितलेलं हवं. घाणेरड्या प्रतिक्रियांमुळे कुणी मागे सरत असेल, तर त्या काढायला माणूस नेमा किंवा प्रतिक्रियांची सोयच बंद ठेवा. आणि दुसरं साहित्य सुरुवातीपासून तयार असू द्या, म्हणजे "आता सगळं छापून झालंय हो" असं म्हणत कुणाला गळ घालायची वेळ येणार नाही.