गोव्यात बकरीपालन परवडवायचं तर आधी करडं जगवा

न्यूझीलंडचे हरणांचे फार्म बघून बरेच जण विचारतात की आपल्याकडे असं जमेल का, तर नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे चितळ-सांबर मटणासाठी पाळता येत नाहीत, तो विषय सोडा. पण तिथे जो हिशोब धरतात तो आपल्या बकऱ्यांनाही लागू आहे, मादीमागे किती पिल्लं दूध तुटेपर्यंत जगली. करडू मेलं तरी बकरी वर्षभर खाते ती खातेच ना.

आणि आपल्याकडे करडं जातात ती पावसाळ्यात. सत्तरी-सांगे बाजूला जून ते सप्टेंबर गोठा सुकतच नाही, खाली चिखल, मुताचा उग्र वास, मग खोकला, न्यूमोनिया, खुरं सडणं. म्हणून पहिला पैसा माचाणावर घाला. जमिनीपासून तीन-चार फूट वर, लाकडाच्या नाहीतर माडीच्या, म्हणजे सुपारीच्या झाडाच्या, पट्ट्या, मधे बोटभर फट, लेंडी खाली पडली पाहिजे पण करडाचा पाय अडकायला नको, हे स्वतः हात लावून बघा. लेंडीखत कुळागरवाले, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागवाले, घेऊन जातात, तेवढेच चार पैसे.

दुसरं, बोकड कायम कळपात ठेवू नका. बकरी साधारण १५० दिवसांनी विते, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत गाभण राहिलेली ऐन जून-जुलैच्या पावसात विणार. तेव्हा बोकड वेगळा बांधा आणि मे-जूनला सोडा, करडं ऑक्टोबर-नोव्हेंबरला येतात, रान हिरवं असतं आणि पाऊस संपत आलेला असतो. २०-२५ बकऱ्यांना एक बोकड पुरे, दोन वर्षांनी बदलायचाच, नाहीतर स्वतःच्याच पोरींना लागतो आणि करडं बारकी निपजतात. नवा घेताना दापोली कृषी विद्यापीठाची कोकण कन्याळ जात बघा, ती आपल्या पावसाला टिकते.

व्यायल्यावर तासाभरात चीक पाजा, नाळेला आयोडीन लावा. जंताचं औषध, आंत्रविषार (आतड्यात विष तयार होणारा रोग) आणि पीपीआर (शेळ्यामेंढ्यांची जीवघेणी साथ) यांची लस पावसाआधी, डॉक्टरांना विचारून.

पेंड सगळ्यांना सारखी वाटू नका प्लीज, गाभणीला शेवटचा दीड महिना आणि पाजणाऱ्या बकरीला द्या, बाकीच्यांना चरणं, फणसाचा पाला, सुबाभूळ.

विकताना नजरेच्या अंदाजावर कधीच देऊ नका, काटा घ्या आणि जिवंत वजनावर भाव करा. श्रावणापासून चवथीपर्यंत, म्हणजे गणेशचतुर्थीपर्यंत, गिऱ्हाईक कमी, त्यामुळे तयार माल आषाढातच काढा. बकरीदसाठी वर्ष भरलेला, कान-शिंग-पाय धड असलेला बोकड लागतो, आणि ईद दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे येते, म्हणून कुठली करडं राखायची ते कॅलेंडर बघून आत्ताच ठरवा.