टीव्हीखालचा पीसी : आवाज न करणारा आणि खिशाला परवडणारा

टीव्हीला जोडायचा पीसी घेताना बहुतेक जण प्रोसेसर किती ताकदवान हवा, इथून सुरुवात करतात. मी दुसऱ्या टोकाने करतो. सिनेमात सगळे गप्प झालेत, संगीतही थांबलंय, अशा वेळी दोन-अडीच मीटरवर बसलेल्या माणसाला पीसीचा आवाज ऐकू येता कामा नये. ही अट पहिली, बाकीचं सगळं नंतर. पैसेही याच अटीमुळे वाचतात. आवाज करतो पंखा, पंखा फिरतो उष्णतेमुळे, आणि उष्णता येते ती बहुधा आपण हौसेने घेतलेल्या जादा ताकदीतून. जे फारसं तापतच नाही, त्याला गार करायला महागडा कूलर लागत नाही.

हा डबा करणार काय, तर कॉम्प्रेस केलेला व्हिडिओ उलगडून पडद्यावर पाठवणार. चिपमध्ये त्या कोडेकसाठी, म्हणजे व्हिडिओ कॉम्प्रेस करण्याच्या त्या पद्धतीसाठी, वेगळं सर्किट असेल, तर हे काम मोजक्या वॅटमध्ये उरकतं आणि प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसतो. सर्किट नसेल तर सगळे कोअर कामाला जुंपले जातात, पंखा बोंबलायला लागतो आणि तरीही ४केमध्ये चित्र अडखळू शकतं. म्हणून प्रोसेसर निवडताना गिगाहर्ट्झ आणि कोअर बाजूला ठेवा आणि एवढंच विचारा, की हा कोणकोणते कोडेक हार्डवेअरमध्ये उलगडतो?

एच.२६४, एचईव्हीसी, व्हीपी९ आणि एव्ही१ ही या कोडेकची नावं. एच.२६४ सगळ्यांनाच येतं. १०-बिट एचईव्हीसी आणि १०-बिट व्हीपी९ इंटेलच्या सातव्या पिढीपासून, म्हणजे केबी लेकपासून, जमतं. एव्ही१ अकराव्या पिढीपासून. एएमडीकडे एव्ही१ आरडीएनए२ या पिढीच्या ग्राफिक्सपासून आलं, त्यामुळे डेस्कटॉपच्या रायझन ७००० मालिकेत ते मिळतं, पण ५६००जी या एरवी गुणी प्रोसेसरमध्ये नाही. ते नसलं म्हणून लगेच काही अडत नाही. ब्राउझरमध्ये एव्ही१ बंद करणारं एक्स्टेन्शन टाकलं की यूट्यूब व्हीपी९ देतं. पण नवीनच घेत असाल तर एव्ही१ असलेलंच घ्या.

एक सापळा सांगून ठेवतो. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असतो, त्यात ग्राफिक्स नसतं. नावात 'जी' नसलेल्या रायझन ५६००मध्येही नसतं. असा प्रोसेसर जरा स्वस्त पडतो, म्हणून लोक उचलतात, आणि मग केवळ चित्र दिसावं म्हणून ग्राफिक्स कार्ड आणावं लागतं. म्हणजे वर खर्च, आणि शिवाय आणखी एक पंखा.

माझ्या टीव्हीखाली एन१०० हा प्रोसेसर आहे. इंटेलने तो २०२३मध्ये आणला. चार छोटे कोअर, ६ वॅट टीडीपी (म्हणजे साधारण किती उष्णता बाहेर काढावी लागेल तो आकडा), आणि एव्ही१सकट वरचे सगळे कोडेक. तो मदरबोर्डवरच डकवलेला येतो, आणि काही बोर्डांवर नुसता हीटसिंक, म्हणजे उष्णता पसरवणारा धातूचा ठोकळा, असतो, पंखा नाहीच. त्यातही ज्या बोर्डाला लॅपटॉपसारखा १९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर थेट लागतो तो मिळाला तर सोन्याहून पिवळं, कारण मग एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा खोका, तोही नको आणि त्याचा पंखाही नको. मर्यादा आहेतच. रॅमचं चॅनल एकच, आणि खेळ वगैरे विसरायचे. सिनेमे, फोटो, गाणी आणि अधूनमधून ब्राउझर, एवढ्याला तो पुरून उरतो.

याहूनही स्वस्तात करायचं असेल तर ऑफिसांतून निघालेले वापरलेले मिनी पीसी बघा. साधारण एक लिटर आकाराचे, चपटे, डेल, एचपी, लेनोवो या सगळ्यांचे असतात. त्यात इंटेलच्या आठव्या पिढीचा, नावाशेवटी 'टी' असलेला, ३५ वॅटचा प्रोसेसर मिळाला तर सौदा चांगला. घेण्याआधी दोन गोष्टी नक्की तपासा. पहिली म्हणजे मागचं पोर्ट. बऱ्याच मिनी पीसींना एचडीएमआय नसतंच, डिस्प्लेपोर्ट असतं. साध्या, पॅसिव्ह कन्व्हर्टरने ४के मिळालं तरी ते फार तर ३० हर्ट्झपर्यंत जातं, ६० हर्ट्झ हवं तर एचडीएमआय २.०चा अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो. एचडीएमआय असलं तरी ते १.४ नाही ना, हे पाहा. त्यावरही ४के ३० हर्ट्झलाच अडकतं. सिनेमा २४ फ्रेमचा असतो म्हणून तेवढ्यात दिसेलही, पण मेन्यूवरून फिरताना सगळं जडजड वाटतं आणि एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त पल्ला, मिळत नाही.

दुसरी गोष्ट पंखा. या डब्यांमध्ये छोटा ब्लोअर असतो. निवांत असताना तो गप्प असतो, ताण आला की शिट्टी घालतो. म्हणून पाच-दहा मिनिटं एखादा जड व्हिडिओ लावून, कान जवळ नेऊन ऐका. नुसता वाऱ्याचा आवाज असेल तर आत धूळ आणि वाळलेली थर्मल पेस्ट असण्याची शक्यता मोठी, ते घरी साफ होतं. पण खरखर किंवा टिकटिक येत असेल तर बेअरिंग गेलंय. पंखा बदलायची तयारी असेल तरच घ्या.

तिसरा रस्ता म्हणजे आय३-१२१००सारखा प्रोसेसर घेऊन पूर्ण पीसी जुळवायचा. याच डब्यावर इतर कामंही करायची असतील तरच मी हे सुचवीन. आणि हा रस्ता धरलात तर पंख्यांचं गणित कळायला हवं.

पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. उलट, तसाच दुसरा पंखा शेजारी लावला तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. दोन्ही वाक्यं एकत्र वाचा. एक पंखा जोरात पळवण्यापेक्षा तसेच दोन निम्म्या वेगाने फिरवले तर हवा जवळपास तेवढीच मिळते आणि आवाज १२ डेसिबलने कमी होतो. आणि ८० मिमीपेक्षा १२० मिमीचा पंखा तेवढीच हवा कमी फेऱ्यांत देतो. त्यामुळे १२० मिमीचा पंखा बसेल असं कॅबिनेट घ्या. दिसायला सुबक, पातळ कॅबिनेटचा मोह होतो, पण त्यात छोटेच पंखे मावतात, आणि छोटे पंखे चिरक्या आवाजात गातात.

पंखा आणलात की बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जा. इथे एक पैसाही न लागता सगळ्यात जास्त फरक पडतो. तीन पिनचा पंखा असेल तर तो बोर्डावर जिथे जोडलाय त्या हेडरला डीसी मोड (व्होल्टेज बदलून वेग आवरणारा) द्या, चार पिनचा असेल तर पीडब्ल्यूएम (वेगळ्या पिनवरच्या सिग्नलने वेग आवरणारा). तीन पिनचा पंखा पीडब्ल्यूएम मोडवर राहिला तर तो कायम पूर्ण वेगाने पळतो. 'नवा पंखा आणला तरी आवाज तोच' या तक्रारीचं मूळ बरेचदा इथेच सापडतं. मग वेगाचा आलेख. प्रोसेसर ६० अंशांपर्यंत जाईतो १२० मिमीचा पंखा मिनिटाला ५००-६०० फेऱ्यांवर सपाट ठेवा, पुढे हळूहळू चढवा. वेग बदलण्याआधी काही सेकंद थांबण्याची सोय असेल तर तीही चालू करा. कानाला सतत येणाऱ्या मंद आवाजाची सवय होते, चढ-उतार मात्र दर वेळी टोचतो. दोन अंश इकडेतिकडे झाले की हुंकारणारा पंखा हा मोठ्या पण स्थिर आवाजाच्या पंख्यापेक्षा जास्त छळतो.

एसएमपीएसमध्ये काटकसर करू नका, आणि उधळपट्टीही नको. या डब्याला चालू असताना थोडेच वॅट लागतात, त्याला ६५० वॅटचा एसएमपीएस कशाला? कमी वॅटचा पण दर्जेदार, कमी भारावर पंखा पूर्ण थांबवणारा बघा. कॅबिनेटबरोबर फुकट येणारा शक्यतो वापरूच नये. त्याचा पंखा बायोसमधून आवरता येत नाही, आणि तो बदलायला एसएमपीएस उघडणं धोक्याचं आहे, कारण प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये भार राहतो.

रॅम ८ जीबी पुरे. एएमडीचं अंगभूत ग्राफिक्स असेल तर एका पट्टीऐवजी ४-४च्या दोन घ्या. एसएसडी २५६ जीबीची, कुठल्याही बऱ्या कंपनीची. इथे विचार करण्यात वेळ घालवू नका.

सिनेमांचा साठा मोठा असेल तर हार्ड डिस्क लागणार, आणि ती शक्यतो या डब्यात नको. ७२०० फेऱ्यांची डिस्क १२० हर्ट्झवर घुमते, ५४००ची ९० हर्ट्झवर. हा आवाज डिस्कचा स्वतःचा थोडा आणि कॅबिनेटच्या पत्र्याचा जास्त असतो. खात्री करायची असेल तर पीसी बंद करून डिस्कचे स्क्रू काढा, केबल तशीच ठेवून तिला जाड स्पंजवर आडवी ठेवा आणि चालू करा. घुमणं तिथल्या तिथे विरतं आणि मागे नुसती बारीक सळसळ राहते. आतच ठेवायची असेल तर रबरी वॉशरवर बसवा. त्यापेक्षा ती दुसऱ्या खोलीत, राउटरशेजारी नेऊन नेटवर्कवरून सिनेमे बघणं उत्तम. ४के ब्लू-रेचा कमाल वेगही सेकंदाला दीडशे मेगाबिटच्या आतच आहे, गिगाबिट केबलला ते काहीच नाही.

४के ब्लू-रेचा विषय निघालाच आहे तर सांगतो, तसा ड्राइव्ह या पीसीला जोडण्याचं स्वप्न बघू नका. त्या डिस्क अधिकृतपणे चालवायला प्रोसेसरमधलं इंटेलचं एसजीएक्स हे सुरक्षेचं तंत्र लागतं, आणि डेस्कटॉपमधून ते अकराव्या पिढीपासून काढून टाकलंय. तसंच, तुम्ही फक्त सबस्क्रिप्शनच्या सेवाच बघत असाल तर या सगळ्या उठाठेवीपेक्षा टीव्हीला लावायची साधी स्टिक बरी. लिनक्सच्या ब्राउझरला मोठ्या सेवा ४के देत नाहीत. पीसीची मजा स्वतःचा साठा असणाऱ्यांना. त्यांच्यासाठी लिब्रेइलेक ही छोटी लिनक्स प्रणाली आणि त्यावर कोडी हा मीडिया प्लेअर, विषय संपला.

रिमोटचं आधीच ठरवा. पीसीच्या एचडीएमआयमध्ये सीईसी, म्हणजे रिमोटचे हुकूम केबलमधून पोचवणारी सोय, सहसा नसतं, त्यामुळे टीव्हीच्या रिमोटने कोडी चालणार नाही. यूएसबी-सीईसी अ‍ॅडॉप्टर किंवा इन्फ्रारेड रिसीव्हर घ्यावा लागतो. २.४ गिगाहर्ट्झच्या डोंगलवाला रिमोट घेतलात तर तो डोंगल यूएसबी ३च्या पोर्टला, त्यातही डिस्कच्या शेजारी, लावू नका. यूएसबी ३चा गोंगाट नेमका त्याच पट्ट्यात येतो आणि बटणं दाबली तरी लागत नाहीत. हातभर यूएसबी एक्स्टेन्शन लावून डोंगल पुढे आणला की प्रश्न मिटतो.

पंखा नसलेला डबा बंद कपाटात कोंडू नका. वर आणि मागे चार बोटं मोकळी जागा हवी.

सगळं जोडून झालं की एखादा १०-बिट एचईव्हीसी सिनेमा लावा आणि कीबोर्डवर 'ओ' दाबा. पडद्यावर डीकोडरच्या नावापुढे 'एचडब्ल्यू' दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर हार्डवेअर डीकोडिंग बंद आहे, कोडीच्या सेटिंगमध्ये प्लेअरखाली ते सापडेल. तिथेच टीव्हीचा रिफ्रेश रेट व्हिडिओच्या फ्रेमशी जुळवण्याचा पर्याय मुळात बंद असतो, तो व्हिडिओच्या सुरुवातीला आणि शेवटी बदलेल असा लावा. सिनेमे बहुतेक २३.९७६ फ्रेमचे असतात. टीव्ही नेमक्या २४वर राहिला तर साधारण दर ४२ सेकंदांनी एक फ्रेम दोनदा दिसते, आणि कॅमेरा संथपणे सरकत असेल तर तो बारीक धक्का एकदा दिसला की मग दर वेळी दिसतो.