ट्रेलर कोल्हापुरात, गिऱ्हाईक नागपुरात

जुना कॅम्पर ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायची राहायची खोली, लांबून घेताय? मग बघायला मालकाच्या ओळखीचा माणूस नको. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वेल्डिंग किंवा गाड्यांच्या बॉडीचं काम करणारा कारागीर गाठा. रंगाखालचा चासीचा, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याचा गंज त्याला बरोबर कळतो. मजुरी आधी ठरवा आणि सौदा होवो न होवो, ती द्या. कमिशन बोललात की ट्रेलर 'एक नंबर'च निघणार!

मी स्वतः कुणासाठी बघायला गेलो की आधी पाण्याच्या मागे लागतो. आमच्याकडच्या पावसात छताच्या सांध्यातून, खिडकीच्या रबरातून पाणी झिरपतं आणि प्लाय आतून कुजतो. कोपऱ्यात अंगठा दाबायचा. दबला, कुबट वास आला, की नवा सनमायका कशासाठी मारलाय ते समजायचं. व्हिडिओ कॉलवर छतावर बादलीभर पाणी ओतायला लावा. मालक कुरकुर करतो, करू दे.

टायरची नक्षी फसवते. बाजूचे चार आकडे वाचायला सांगा: २३१९ म्हणजे टायर २०१९च्या २३व्या आठवड्यात बनलाय. फार जुने असतील तर नव्या टायरचे पैसे किमतीतून वळते करा.

चासी नंबरचा फोटो आरसीशी जुळवा, कर्जाचा बोजा उतरलाय का बघा. टोकन त्यानंतर.