जपानमधल्या छोट्या स्की-डोंगरावर जाताय? या चुका टाळा

निसेको, हाकुबा या मोठ्या स्की-रिसॉर्टांची गर्दी सोडून नागानो किंवा निइगाता भागातल्या एखाद्या गावच्या स्की-डोंगरावर जायचं ठरवलंत, तर उत्तम केलंत. दोन-तीन लिफ्ट, एक उपाहारगृह, भाड्याने सामान देणारी एक खोली आणि उतारावर बहुतेक आसपासच्याच गावांतली मुलं. असे बरेच डोंगर आता बंद पडले आहेत. जे उरलेत, तिथे आपण खर्च केलेला पैसा थेट गावाला मिळतो. मात्र तिथलं सगळं गावाच्या सोयीने चालतं, आणि मोठ्या रिसॉर्टच्या सवयी घेऊन गेलं की अडचणी सुरू होतात.

चालू दिवस न बघता विमानाचं तिकीट काढणं

कमी उंचीच्या डोंगरांचा हंगाम साधारण डिसेंबरअखेर ते मार्चचा पहिला-दुसरा आठवडा. हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी काही ठिकाणी फक्त शनिवार-रविवारीच लिफ्ट चालतात. निइगातातल्या जोएत्सु शहरातला कानायासान घ्या. 1911 मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीचे मेजर थिओडोर फॉन लेर्ख यांनी जपानी सैनिकांना स्की शिकवलं ते याच भागात. पण टेकडी बेताचीच, बर्फ पुरेसा नसेल तर लिफ्ट सुरूच होत नाही. जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीअखेर हा काळ सगळ्यांत भरवशाचा. 29 डिसेंबर ते 3 जानेवारी ही नववर्षाच्या सुट्टीची गर्दी टाळाच. निघायच्या दिवशी सकाळी त्या ठिकाणच्या संकेतस्थळावर 'आज कोणत्या लिफ्ट चालू' हे बघा. जोराच्या वाऱ्यात वरची लिफ्ट आधी बंद होते.

फक्त शिनकान्सेनचं (बुलेट ट्रेनचं) वेळापत्रक पाहणं

तोक्योहून नागानोतलं ईयामा स्टेशन शिनकान्सेनने पावणेदोन तासांच्या आसपास. खरा वेळ जातो तो पुढे. ईयामा या स्थानिक रेल्वेमार्गावर डिझेल गाड्या कमी, दोन गाड्यांमध्ये तास-दोन तासांचं अंतर सहज असतं. याच मार्गावरच्या मोरिमियानोहारा स्टेशनात 12 फेब्रुवारी 1945 रोजी 7.85 मीटर बर्फ मोजला गेला होता. अशा मुलखात जोराचा बर्फ पडला की गाडी रद्द होणारच. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री मुक्काम तोक्योत ठेवा, डोंगरात नको.

गावच्या बसमध्ये बहुधा मागच्या दाराने चढतात, यंत्रातून आकड्याची चिठ्ठी घेतात आणि उतरताना पुढे पैसे टाकतात. भाड्याच्या पेटीतून उरलेली रक्कम परत मिळेलच असं नाही, त्यामुळे शेजारच्या यंत्रात नोट आधीच मोडून घ्या. शेवटची बस संध्याकाळी लवकर जाते आणि टॅक्सी हात दाखवून मिळत नाही, फोन करून बोलवावी लागते.

कार्डावर विसंबणं

माणशी किमान 10,000 येन रोख ठेवा, त्यात 1,000 च्या नोटा भरपूर. उपाहारगृहात आधी यंत्रातून जेवणाचं कूपन काढायचं असतं आणि जुन्या यंत्रांत बऱ्याचदा फक्त 1,000 ची नोट आणि नाणी चालतात. जुलै 2024 मध्ये आलेल्या नव्या नोटा काही जुनी यंत्रं घेत नाहीत. काउंटरवर जुनी नोट मागा. लिफ्टचं तिकीट कार्डाच्या रूपात असेल तर त्यात बऱ्याचदा अनामत रक्कम असते. जाताना कार्ड परत करायला विसरू नका.

शाकाहाऱ्यांनी 'भाजीची करी' दिसली म्हणून फसू नये. तिच्या मसाल्याच्या वडीत बहुधा प्राण्यांची चरबी असते आणि उदोन-सोबा या नूडल्सच्या रश्श्यात माशाचा अर्क. डोंगरावर चढण्याआधीच दुकानातून उमेबोशीचा ओनिगिरी (खारवलेलं आंबट फळ घातलेला भाताचा गोळा), केळी, दाणे घ्या. घरचे थेपले, दशम्या असतील तर उत्तमच.

बूट एक नंबर मोठा घेणं

सर्वांत जास्त दिवस याच चुकीने वाया जातात. जपानमध्ये बुटाचा नंबर म्हणजे पावलाची लांबी सेंटीमीटरमध्ये. घरीच टाच भिंतीला टेकवून कागदावर पाऊल मोजून न्या. सैल बुटात टाच उचलली जाते, पाऊल पुढे सरकतं, बोटं आदळतात आणि स्की वळत नाही.

बूट घातल्यावर टाच जमिनीवर आपटून मागे बसवा. आधी नडगीजवळच्या वरच्या बकल्या लावा, मग पावलावरच्या हलक्या हाताने. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवले की सुटावीत. मोजा एकच, लोकरीचा. दोन मोजे घातले किंवा थर्मलचं टोक बुटात गेलं, की तासाभरात नडगीवर वळ उठतो.

भाड्याच्या अर्जात उंची, वजन आणि आपला सराव खरा लिहा. पडल्यावर स्की पायातून किती जोराने सुटावी, हे त्यावरून ठरतं. नवखे असताना 'सराईत' लिहिलंत, तर पडल्यावर स्की सुटणार नाही आणि गुडघा पिरगळेल.

बाइंडिंग (बूट स्कीला जोडणारी पकड) लागत नसेल तर बहुतेक वेळा कारण एकच: बुटाच्या तळाला चिकटलेला बर्फ. काठीच्या टोकाने तो खरवडा, टाचेकडचा खटका खाली आहे ना बघा, आधी बुटाचं टोक बसवा, मग टाच दाबा. उतारावर खालच्या बाजूची स्की आधी.

हातमोजे, टोपी आणि गॉगल भाड्याने मिळतीलच असं नाही, ते सोबत न्या. जीन्स नको. होन्शू या जपानच्या मुख्य बेटाच्या सखल भागातला बर्फ ओलसर असतो. सुती कापड भिजतं आणि अंग गारठतं. निइगातातल्या बऱ्याच गावांत बर्फ वितळवायला रस्त्यावर भूजलाचे फवारे असतात, म्हणून चालायचे बूटही जलरोधक हवेत. आणि वळचणीखालून चालू नका, छपरावरचा बर्फ न सांगता कोसळतो.

लिफ्टमध्ये गोंधळणं

जुन्या एकेरी किंवा दुहेरी खुर्चीला पुढे दांडा नसतो. पाठीवरची पिशवी छातीशी घ्या, काठ्यांचे पट्टे मनगटातून काढा, मागे वळून खुर्ची बघा आणि गुडघ्यामागे टेकताच बसा. लिफ्टवरच्या कर्मचाऱ्याला आधीच हाताने 'हळू' अशी खूण केली, तर तो वेग कमी करतो. उतरताना पडलात तर आधी बाजूला सरका, मग उठा.

फक्त बर्फ बघायचा असेल तर आधी विचारून जा. पायी प्रवाशांना खुर्चीवर सहसा घेत नाहीत आणि घसरगाडी फक्त ठरवून दिलेल्या जागेतच चालवता येते.

दोरीपलीकडे जाणं

मऊ बर्फ पाहून हद्दीच्या दोरीपलीकडे जायचा मोह होतो. पण झाडांच्या बुंध्याभोवती खोल खड्डे असतात आणि ओढे वरून बर्फाने झाकलेले. हद्दीबाहेर शोधमोहीम काढावी लागली तर खर्च तुमच्याकडून वसूल होऊ शकतो. भारतात काढलेल्या प्रवास विम्यात स्कीइंग अनेकदा वगळलेलं असतं. पॉलिसीत ते स्पष्ट लिहून घ्या. अपघात झाला तर आधी उतारावरच्या बचाव पथकाला कळवा. बाहेर रुग्णवाहिकेसाठी 119.