चिलखती वाहनाचा प्राथमिक आराखडा कसा मांडावा

बेळगाव, खानापूर आणि निपाणीकडची पदविका व अभियांत्रिकीची मुले शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी रणगाड्यासारखा विषय घेऊन माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर बहुधा लांब नळीची तोफ आणि तिच्याभोवती रेखाटलेले टरेट, म्हणजे तोफ धरणारा फिरता मनोरा, असते. चित्र सुरेख असते; मात्र त्या वाहनाचे वजन किती, ते कोणत्या जमिनीवर चालणार आणि ते कोणत्या पुलावरून जाणार, याचा आकडा वहीत कुठेच नसतो. आराखड्याचे पहिले पान वजनाच्या जमाखर्चाचे असावे, कारण चिलखत, तोफ, इंजिन आणि माणसे यांपैकी प्रत्येक जण त्याच एका खात्यातून उचल करत असतो. पुढील क्रम कागद, पेन्सिल आणि साधा कॅल्क्युलेटर एवढ्यावर पार पाडता येतो.

सुरुवात जमिनीपासून करावी. आपल्या जिल्ह्यात यासाठी लांब जावे लागत नाही. खानापूर-जांबोटीकडची तांबडी माती पावसाळ्यात निसरडी होते, तर सौंदत्ती-अथणीकडची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि चाकाला लोण्यासारखी चिकटून राहते. पाणी दिलेल्या उसाच्या फडातून अनवाणी चाललेल्या माणसाला हा फरक पायाच्या तळव्याने कळतो. १९६५च्या सप्टेंबरमध्ये पंजाबातील खेमकरणजवळच्या असल उत्तर येथे हीच गोष्ट युद्धाच्या निकालात उतरली. भारतीय तुकड्या उसात दबा धरून होत्या, भोवतालच्या शेतांत पाणी सोडलेले होते, आणि त्या काळी आधुनिक गणले जाणारे पाकिस्तानचे पॅटन रणगाडे चिखलात रुतून माऱ्याच्या टप्प्यात आले. त्या रणगाड्यांचे चिलखत किंवा तोफ कमी पडली असे म्हणता येणार नाही. त्यांच्या पट्ट्यांखालच्या, म्हणजे चाकांभोवती फिरणाऱ्या पोलादी साखळ्यांखालच्या, जमिनीला त्यांचे वजन पेलले नाही.

जमिनीवरचा दाब काढण्याची रीत सोपी आहे. वाहनाचे एकूण वजन किलोग्रॅममध्ये घ्यावे आणि त्याला दोन्ही पट्ट्यांच्या जमिनीला टेकलेल्या क्षेत्रफळाने भागावे. समजा, आपले वाहन ४० टनांचे आहे, पट्टा ६० सेंटिमीटर रुंद आहे आणि तो ४२० सेंटिमीटर लांबीपर्यंत जमिनीला टेकतो. तर क्षेत्रफळ ५०,४०० चौरस सेंटिमीटर होते आणि दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.७९ किलोग्रॅम येतो. ६५ किलो वजनाचा माणूस चालताना एका पावलावर दर चौरस सेंटिमीटरला साधारण ०.४ किलोग्रॅम दाब देतो, तर उसाने भरलेल्या ट्रकच्या टायरखाली तो ७च्या आसपास जातो. रस्त्यावरचा ट्रक बांधावरून शेतात उतरताच का फसतो आणि त्याच्याहून कितीतरी जड रणगाडा तिथून का निघून जातो, याचे उत्तर या तीन आकड्यांत आहे. आता त्याच वाहनावर आठ टन चिलखत चढवून पाहावे, दाब ०.९५वर जातो. हा आकडा सरासरीचा आहे, हेही वहीत नोंदवावे. पट्टा म्हणजे ताठ फळी नव्हे. तो दोन चाकांच्या मध्ये सैल पडतो आणि खरा भार चाकांच्या बरोबर खाली उतरतो, त्यामुळे सरासरी सारखीच असली तरी जास्त आणि जवळजवळ बसवलेली चाके असणारे वाहन चिखलात कमी रुतते.

पट्टा लांब करून दाब कमी करण्याचा मोह इथे होतो, आणि तिथेच वळण्याचा प्रश्न उभा राहतो. पट्ट्यांचे वाहन एका बाजूचा पट्टा मंद करून, म्हणजे जमिनीला घासत, वळते. पट्ट्याच्या टेकलेल्या लांबीला दोन पट्ट्यांच्या मध्यरेषांतील अंतराने भागले असता येणारे गुणोत्तर दीडच्या आसपास ठेवावे. ते १.८च्या पुढे गेले की वळताना इंजिनची बरीच शक्ती नुसती माती खरडण्यात जाते. गुणोत्तर राखण्यासाठी वाहन रुंद करावे, तर रेल्वेची वाघिण, रस्ता आणि पूल आडवे येतात. म्हणून कमाल रुंदी आणि कमाल वजन हे दोन आकडे तोफेचे नावही घेण्यापूर्वी पक्के करून लाल शाईने लिहावेत.

यानंतर आतल्या जागेचा हिशेब येतो. चिलखती वाहनातील प्रत्येक रिकामा घनफूट पोलादाने वेढावा लागतो, त्यामुळे जागा म्हणजेच वजन. रशियन घडणीच्या टी-७२मध्ये गोळा भरणारा माणूस काढून त्याच्या जागी यंत्र बसवले गेले. चालक, तोफची आणि कमांडर असे तिघेच आत राहिले, उंची सव्वादोन मीटरच्या आसपास आली आणि वजन ४० टनांच्या थोडे वर थांबले. आपल्या अर्जुनमध्ये गोळा हाताने भरणारा चौथा सैनिक आहे आणि त्याच्या पहिल्या आवृत्तीचे वजन ५८.५ टन आहे. या फरकाचे एकमेव कारण तो चौथा माणूस आहे असे मुळीच नाही, पण आतली जागा वाढली की चिलखताचा घेर वाढतो, हा नियम दोन्हींत दिसतो. बुटक्या वाहनाची किंमतही मोजावी लागते. टी-७२चा दारूगोळा सैनिकांच्या पायांखाली गोल रचलेला असतो, त्यामुळे आत आग पोहोचली की सुटका कठीण होते. अमेरिकन एब्रॅम्समध्ये बहुतेक गोळे टरेटच्या मागे वेगळ्या कप्प्यात ठेवून स्फोट वरच्या बाजूने बाहेर पडेल अशी झाकणे दिलेली आहेत. शिवाय छत खाली आले की आत तोफेचा मागचा भाग वर उचलायला जागा उरत नाही आणि नळी पुरेशी खाली झुकत नाही. टी-७२ची नळी सुमारे ६ अंश खाली जाते, जर्मन लेपर्ड-२ची ९ अंश. खानापूरच्या एखाद्या टेकाडाआडून फक्त टरेट वर काढून खालच्या दरीत नेम धरायचा असेल, तर हे तीन अंश मोलाचे ठरतात. माझे मत असे की, विद्यार्थ्याने दारूगोळ्याची जागा सर्वांत आधी रेखाटावी आणि माणसे त्यापासून भिंतीआड बसवावीत; सुरक्षितता नंतर जोडता येत नाही.

चिलखताच्या वजनासाठी एकच आकडा पाठ असला तरी पुरे: एक चौरस मीटर आणि एक मिलिमीटर जाडीची पोलादी प्लेट ७.८५ किलोग्रॅम भरते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील कोणत्याही फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये प्लेटचे बिल याच हिशेबाने होते. समोरच्या दोन चौरस मीटरवर ५०० मिलिमीटर पोलाद बसवायचे म्हटले तर ७.८५ टन लागतात, आणि हे एक वेळ परवडते. तीच जाडी सहा मीटर लांब व एक मीटर उंच अशा दोन्ही बाजूंना दिली, तर ४७ टन होतात. म्हणजे नुसत्या बाजूंचे वजन ४६.५ टनांच्या अख्ख्या टी-९०पेक्षा जास्त. म्हणूनच जाड चिलखत समोर असते, तर बाजू, छत आणि तळ त्या मानाने पातळ असतात, आणि म्हणूनच पोलादाच्या जोडीला सिरॅमिक व इतर थर असलेले मिश्र चिलखत आले. आपले कांचन चिलखत हैदराबादच्या संरक्षण धातुकर्म प्रयोगशाळेतून आले.

तिरप्या प्लेटबद्दल एक गैरसमज मुलांच्या वहीत हमखास सापडतो. सोव्हिएत टी-३४ची समोरची प्लेट ४५ मिलिमीटर जाड होती आणि उभ्या रेषेपासून ६० अंश कललेली होती, त्यामुळे समोरून सरळ येणाऱ्या गोळ्याला ९० मिलिमीटर पोलाद भेदावे लागे. यावरून वजन निम्मे वाचले असे लिहिले जाते, ते चुकीचे आहे. तेवढीच उंची झाकण्यासाठी तिरकी प्लेट दुप्पट लांब घ्यावी लागते आणि वजन तेवढेच भरते. कोष्टक मांडून स्वतः पडताळून पाहावे. तिरपेपणाचा खरा लाभ गोळा घसरून निघून जाण्यात होता. आजचे लांब, बाणासारखे जड धातूचे गोळे तसे सहजी घसरत नाहीत.

इंजिन निवडताना दर टनाला किती अश्वशक्ती मिळते, ते काढावे. अर्जुनच्या पहिल्या आवृत्तीला १,४०० अश्वशक्तीचे इंजिन आहे, ५८.५ टनांना भागले की दर टनाला सुमारे २४ येतात. सुधारित मार्क-१ए आवृत्तीचे वजन सुमारे ६८ टन झाले, इंजिन तेवढ्याच शक्तीचे राहिले, आणि तोच आकडा २१च्या खाली आला. सैन्य वापरताना सुधारणा मागतेच आणि प्रत्येक सुधारणा वजन घेऊन येते. यात कोणाचा दोष नाही. म्हणून पहिल्या दिवशीच एकूण वजनाच्या दहा टक्के तरी जागा कोरी सोडावी आणि सस्पेन्शन, पट्टे व गिअरबॉक्स त्या वाढीव वजनावर मोजावेत. याउलट, डीआरडीओ आणि एल अँड टी यांनी मिळून घडवलेला व २०२४च्या जुलैमध्ये हजिरा येथे दाखवलेला झोरावर हा हलका रणगाडा लडाखच्या विरळ हवेतील उंच प्रदेशासाठी २५ टनांच्या मर्यादेत बसवला गेला. तिथे जमीन आणि उंची यांनी वजन ठरवले, आणि बाकी सर्व त्या आकड्याखाली मांडले गेले.

कागदावरचे काम झाले की लाकडी किंवा पत्र्याचा नमुना करण्याची घाई होते. काही वर्षांपूर्वी मीही मुलांसोबत एकास दहा प्रमाणाचा, बरोबर ४० किलोचा पट्ट्यांचा नमुना करवून घेतला आणि जुलैत जांबोटीच्या वाटेवरील एका भातखाचरात उतरवला. तो चिखलावरून असा सरकत गेला की पट्ट्यांची नक्षी तेवढी मागे उमटली, खोली जेमतेम नखभर. मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि मीही मान डोलावली. चूक रात्री हिशेब करताना लक्षात आली. लांबी दहापट लहान झाली की क्षेत्रफळ शंभरपट आणि वजन हजारपट कमी होते, म्हणजे दाब मूळच्या एकदशांशच राहतो. खऱ्या वाहनाइतका दाब मिळवण्यासाठी त्या नमुन्यावर एकूण ४०० किलो भार हवा होता. दुसऱ्या रविवारी आम्ही वाळूची पोती रचत गेलो, आणि सहाव्या पोत्याला पुढची दोन चाके चिखलात दिसेनाशी झाली. नमुना चिखलात तपासायचा असेल तर आधी हा भार द्यावा. वळण्याची चाचणी मात्र कोरड्या, कठीण जमिनीवर वेगळी घ्यावी.

शेवटची पायरी प्रवासाची आहे. पुण्यामार्गे अहिल्यानगरला गेल्यास तिथे सैन्याचे रणगाडा संग्रहालय आहे आणि त्यात पॅटनही ठेवलेला आहे. सोबत वही न्यावी, पॅटनच्या पट्ट्याची रुंदी वितीने आणि टेकलेली लांबी पावलांनी मोजावी, फलकावरील वजन टिपून घ्यावे आणि परतीच्या बसमध्ये त्याचा जमिनीवरचा दाब काढून आपल्या वाहनाच्या आकड्याशेजारी लिहावा.