ब्रेक दाबताच गाडी थरथरते: डिस्क बदलण्याआधी काय तपासावे

दोन-तीन वर्षांच्या गाडीचा ब्रेक ताशी 80 किलोमीटरच्या आसपास हलकेच दाबला आणि स्टिअरिंग हातात थरथरू लागले, की गॅरेजमध्ये ठरलेले उत्तर मिळते : ब्रेकची डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी, वाकली आहे, बदलून टाका. डिस्क खरोखर वाकल्याची उदाहरणे विरळाच. बहुतेक वेळा तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते, आणि हा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका असला तरी पेडलवर जाणवू शकतो. तो का पडला हे न शोधता नवी डिस्क बसवली, तर काही हजार किलोमीटरनंतर तीच थरथर परत येते.

आधी रिकाम्या, सपाट रस्त्यावर खात्री करून घ्यावी. ब्रेक न दाबताही ठरावीक वेगाला गाडी थरथरत असेल, तर चाकांचे बॅलन्सिंग पाहावे. जोरात ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली टकटकले, तर ते एबीएसचे, म्हणजे चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे काम असते. तो दोष नव्हे. ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग हलत असेल तर संशय पुढच्या डिस्कवर घ्यावा. फक्त सीट आणि पेडल हलत असतील तर मागचे ड्रमही तपासावेत. पावसाळ्यात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीची सकाळची खरखर मात्र पहिल्या काही ब्रेकमध्ये गंज घासला गेला की थांबते.

खरी मेख बहुधा हब (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो भाग) आणि डिस्क यांच्यामध्ये असते. तिथे गंजाचा पापुद्रा राहिला, किंवा पंक्चरवाल्याने एअर गनने नट वाटेल तसे आवळले, तर डिस्क किंचित तिरकी बसते. मग ब्रेक लावलेला नसतानाही प्रत्येक फेऱ्यात तिचा तोच भाग पॅडला (ब्रेक लावल्यावर डिस्कवर दाबल्या जाणाऱ्या पट्टीला) निसटता घासत राहतो आणि तेवढ्याच जागी झिजतो. म्हणूनच चाक काढल्याच्या दुसऱ्या दिवशी काहीच जाणवत नाही आणि थरथर सुरू होते तेव्हा त्या पंक्चरची आठवणही उरलेली नसते.

तपासणीसाठी गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता स्टँडवर घ्यावी. चाक काढल्यावर नट वॉशरसह परत लावून डिस्क हबवर घट्ट बसवावी, डायल गेजचे (बारीक हालचाल काट्यावर दाखवणाऱ्या मापकाचे) टोक डिस्कच्या कडेपासून सुमारे 10 मिलिमीटर आत टेकवावे आणि डिस्क सावकाश एक फेरा फिरवावी. बऱ्याच गाड्यांत 0.05 ते 0.1 मिलिमीटरपर्यंतचे डोलणे चालते. नेमका आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावा. काटा त्यापेक्षा जास्त हलला, तर डिस्क काढून हबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने चकचकीत करावा आणि पुन्हा मोजावे. स्क्रूने जागा ठरलेली नसेल, तर डिस्क एक भोक पुढे सरकवून बसवल्यानेही फरक पडतो. त्यानंतर मायक्रोमीटरने सात-आठ ठिकाणी जाडी मोजावी, आणि कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना हाताने सरकतात का तेही पाहावे, कारण अडकलेली पिन पॅड सुटू देत नाही.

जाडीत फरक असेल, तर डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा पुरेशी जास्त जाडी शिल्लक असेपर्यंत लेथवर घासून घेता येते. माझ्या मते गाडीवरच बसवून घासणारे यंत्र मिळाले तर तेच निवडावे, कारण त्यात हबचा तिरकेपणाही हिशेबात येतो. तापून निळसर डाग पडलेली डिस्क मात्र बदललेलीच बरी. डिस्क नेहमी जोडीने आणि नव्या पॅडसह बदलाव्यात. नट टॉर्क पान्याने, समोरासमोरचे आलटूनपालटून, मॅन्युअलमधल्या आकड्याइतकेच आवळावेत.

नवे पॅड आणि डिस्क एकमेकांशी नीट जुळावेत म्हणून पुढे ताशी 60 किलोमीटरवरून 10 पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग उतरवावा, मध्ये पूर्ण थांबू नये, आणि मग ब्रेक न वापरता काही किलोमीटर चालवून डिस्क निवू द्यावी. खंबाटकी किंवा आंबोलीचा घाट उतरताना खालचा गिअर ठेवावा. खाली पोचल्यावर तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभे राहिले, तर पॅडचा थर तेवढ्याच जागी चिकटतो. लगेच चाकांवर गार पाणी मारणेही टाळावे.

वॉरंटीत पॅड आणि डिस्क बहुधा झिजणारे भाग म्हणून वगळलेले असतात. तरीही पहिली थरथर जाणवताच किलोमीटरच्या आकड्यासह तक्रार जॉब कार्डवर लिहून घ्यावी आणि डायल गेजचे माप लेखी मागावे.