मिरगाच्या आधी संडासची टाकी आणि मोटर बघून घ्या

आमच्या बेळगाव भागात टाकीची आठवण होते ती जुलैमध्ये, संडासात पाणी जाईना झालं की, आणि तेव्हा फार काही करता येत नाही कारण येळ्ळूर-वडगावकडची काळी जमीन असूदे नाहीतर खानापूरकडचा पाऊस, टाकीतलं पाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा आधीच भरलेला असतो. म्हणून मे महिन्यातच बघून घ्या.

पहिलं गाळ मोजा. लांब बांबूच्या टोकाला जुना पांढरा पंचा गुंडाळून बांधा, झाकण उघडून थोडा वेळ वारा लागू द्या, टाकीवर वाकून तोंड धरू नका, बिडी-काडी लांब ठेवा आणि पोरांना जवळ येऊ देऊ नका. बांबू तळाला टेकवून चार-पाच मिनिटं ठेवा आणि सावकाश वर काढा, जिथपर्यंत पंचा काळाकुट्ट झालाय तिथपर्यंत गाळ. हा गाळ आणि वरची साय मिळून टाकीची निम्मी खोली भरत असेल तर सक्शनची गाडी बोलवाच, साधारण दोन-तीन वर्षांनी ही वेळ येतेच. सगळं धुवून घासून काढायला लावू नका, तळाला थोडा गाळ राहूदे, त्यातलेच जंतू पुढचं काम करतात. प्लास्टिकची टाकी असेल तर भर पावसात रिकामी करू नका, खालच्या पाण्याने ती वर उचलली जाते.

आणि माणूस आत उतरवायचा नाही म्हणजे नाही! कितीही कमी पैशात करतो म्हणाला तरी. आतल्या गॅसने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो, त्याला काढायला गेलेलापण जातो. सुरक्षेच्या साधनांशिवाय असं उतरवणं तर हाताने मैला उपसण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने गुन्हाच आहे.

आता मोटर. टाकीतून आलेलं पाणी पुढे ढकलायला टाकीनंतरच्या खड्ड्यात ती असते, तिचा फ्लोट (पाण्यावर तरंगणारा स्विच) काठीने वर उचलून बघा, मोटर चालू झाली पाहिजे, सोडला की बंद. नुसती घुं घुं करतेय आणि पाणी ढकलत नाही तर लगेच बटण बंद करा, पंख्यात बहुतेक केस नाहीतर पॅड अडकलेलं असतं, तशीच चालू ठेवली तर वाइंडिंग जळतं. वर काढायची असेल तर मेन स्विच पाडून मगच आणि दोरीने ओढा, वायरला धरून कधीच नाही. बंद झाल्यावर परत परत आपोआप चालू होत असेल तर बहुतेक नॉन-रिटर्न व्हॉल्व गेलाय, पाणी उलटं येतंय. अर्थिंग आणि आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) वायरमनकडून तपासून घ्या.

पन्हाळीचं पाणी टाकीला जोडलं असेल तर आधी ते तोडा ओ, गाळ ढवळून शोषखड्ड्यात जातो आणि मग खड्डाच बाद. तळणीचं तेल, ॲसिड पण नको. करंट गेला की मोटर बंद, त्यामुळे पावसात लाईट जाईल तेव्हा वॉशिंग मशीन लावू नका, अंघोळीपण आवरत्या घ्या, करंट आला की आधी मोटरच्या खड्ड्यातलं पाणी उतरूदे.